नाताळपत्रांची जुनी हकीकत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा मीही काही लिहावे, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि रोजचे लिहिणे म्हणजे वाण्याची यादी व दुधाचा हिशेब. पण विषय त्यांनीच हातात दिला, आणि तो असा की नाही म्हणवेना.

गेल्या डिसेंबरात आकाशकंदिलांचा उरलेला पतंगी कागद घेऊन आपण नाताळची शुभेच्छापत्रे करावयास बसलो होतो, ते भगिनींना आठवत असेल. दोघी-तिघींनी शंका काढली की, दिवाळीची करू, संक्रांतीची करू, पण नाताळची आपण कशाला करावयाची? हे साहेबाचे खूळ, ते साहेबाबरोबर गेले. कोणी भांडले नाही. पण त्या दिवशी कात्र्या तशाच पडून राहिल्या आणि चहा पिऊन सर्वजणी घरी गेल्या. तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "खूळ म्हणता तर ते आले कोठून, आपल्या गावात शिरले कसे, हे तरी कोणीतरी पाहा." पाहण्याचे काम माझ्या वाट्यास आले. वाचनालयातील पुस्तके, मुलीच्या मदतीने मिळविलेली माहिती आणि आमच्या गल्लीतील मास्तरीणबाईंच्या तोंडून ऐकलेले, असे हे गाठोडे आहे.

प्रथम शब्दच घ्या. ख्रिसमस हा शब्द इंग्रजी खरा, पण आपण मराठीत म्हणतो नाताळ, आणि तो शब्द पोर्तुगीजांचा. गोव्याकडून तो वर आला. त्याचा अर्थ जन्म, जसे आपण रामजन्म म्हणतो. तेव्हा साहेब येण्यापूर्वीपासूनच हा सण आपल्या भाषेत नाव घेऊन बसलेला होता. पत्राची चाल मात्र साहेबाचीच, यात शंका नाही.

ती सुरू झाली लंडनला, १८४३ साली. हेन्री कोल नावाचे एक गृहस्थ सरकारी नोकरीत होते. इंग्लंडात १८४० पासून एका पेनीत कोठेही पत्र जाऊ लागले, आणि ती व्यवस्था बसविण्यात कोलसाहेबांनीही मदत केली होती. टपाल स्वस्त झाले तशी पत्रे वाढली, आणि नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरे लिहिता लिहिता माणसे मेटाकुटीस आली. मग त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढवून घेतले, त्याच्या हजारभर प्रती छापल्या आणि त्या हाताने रंगवून घेतल्या. स्वतःस लागल्या तेवढ्या ठेवून उरलेल्या त्यांनी एक शिलिंगाला एक या भावाने विकावयास काढल्या. म्हणजे बाजारात आलेले पहिले नाताळपत्र हे उरलेलेच होते, हे वाचून मला मोठी गंमत वाटली.

चित्रात मध्यभागी एक कुटुंब जेवावयास बसलेले, हातात पेले, आणि एक बाई लहानग्याच्या तोंडाला पेला लावीत आहे. दारूबंदीवाल्या मंडळींनी त्यावरून गदारोळ केला. दोन्ही बाजूंस मात्र गरिबांना अन्न व वस्त्र देण्याची चित्रे आहेत. एक शिलिंग म्हणजे बारा पेनी. एका पत्राच्या किंमतीत बारा घरी टपाल गेले असते. तेव्हा हे काम श्रीमंताचे होते.

आता अमेरिकेकडे येऊ, कारण नगरचा संबंध तेथून जुळतो. बोस्टन शहर ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात आहे, तेथील जुने लोक धर्माने फार कडक. बायबलात नाताळ साजरा करा असे कोठे सांगितलेले नाही, म्हणून त्यांनी १६५९ साली कायदाच केला, की नाताळ करील त्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ साली उठला. परंतु त्या प्रांतात नाताळची सुट्टी मिळू लागली ती थेट १८५६ पासून. आपल्या नगरास १८३१ च्या डिसेंबरात अमेरिकन मिशनची जी मंडळी येऊन राहिली, त्यांची मूळ संस्था याच बोस्टनची. ख्रिस्ती लोक ती नाताळपत्रे बरोबर घेऊन आले असतील असे जर कोणाला वाटत असेल, तर तसे नाही. ते आले तेव्हा ही पत्रे जगातच नव्हती, आणि त्यांच्या गावी नाताळची सुट्टीही नव्हती.

मग बोस्टनचा वारा फिरला. लुई प्रँग नावाचा एक जर्मन मनुष्य आपल्या देशातील १८४८ च्या बंडानंतर पळून अमेरिकेत गेला आणि बोस्टनला त्याने रंगीत चित्रे छापण्याचा कारखाना काढला. एकेका चित्राला निरनिराळ्या रंगांचे दगड वापरून तो छापी. १८७४ साली त्याने अमेरिकेत नाताळपत्रे विकावयास आणली आणि १८८१ पर्यंत वर्षाला पन्नास लाखांवर पत्रे त्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. चित्रांसाठी त्याने १८८० साली स्पर्धा लावली. तीत हजार डॉलरचे पहिले बक्षीस एका बाईंनी, रोझिना एमेट यांनी, मिळविले. हजार डॉलर म्हणजे त्या काळी किती हे मला सांगता येणार नाही, पण ती गोष्ट मी आपल्या सभेत वाचून दाखविली तेव्हा एकीच्याही तोंडाला कुलूप राहिले नाही.

इकडे नगरात काय होते? येथे मिशनच्या मुलींच्या शाळा होत्या. मिस सिंथिया फॅरार या बाई १८२७ साली मुंबईस आल्या आणि १८३९ पासून नगरात राहिल्या. १८६२ साली येथेच वारल्या. आपल्या सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले, आणि जोतीराव येथील मुलींची शाळा पाहून गेले, ही गोष्ट नगरकरांनी विसरू नये. 'ज्ञानोदय' हे पत्र नगरातून १८४२ साली निघू लागले, म्हणजे लंडनच्या त्या नाताळपत्राच्या आधी एक वर्ष. या शाळांत मुलींना वाचणे-लिहिणे शिकवीत, तसेच शिवणटिपणही शिकवीत. १८७८ साली दौंड-मनमाड आगगाडी सुरू झाली आणि नगर रेल्वेवर आले. पुढच्याच वर्षी देशात एक पैशाचे पोस्टकार्ड निघाले. तेव्हापासून गरीब घरातूनही पत्र जाऊ लागले.

आणि याच सुमारास अमेरिकेतून हिंदुस्थानातील मिशनच्या शाळांना पेट्या येऊ लागल्या. तिकडच्या बायका व रविवारच्या शाळेतील मुले त्या भरून पाठवीत. पेटीत बाहुल्या असत, सुयादोरे असत, गोधडीसाठी कापडाचे तुकडे असत, आणि त्यांत वापरून झालेली नाताळपत्रे असत. एका घरी आलेले पत्र, मागे कोणाचे तरी नाव लिहिलेले, त्यावर पांढरा कागद चिकटवावयाचा आणि वर्षभर हजेरी चांगली ठेवणाऱ्या मुलीला बक्षीस म्हणून द्यावयाचे. तिकडच्या घरची अडगळ इकडे बक्षीस झाली. काहींना यात कमीपणा वाटेल. मला वाटत नाही. आपणही वहिनीचे जुने पातळ घेऊन त्याची परकर-पोलकी करतोच की.

म्हणजे आपल्याकडे नाताळपत्र दुकानातून आलेले नाही. ते आले तेच उरलेले, वापरलेले, पुन्हा चिकटविलेले असे आले.

याचा पुरावा मला मास्तरीणबाईंच्या पेटीत मिळाला. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांची आजी १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात मिशनकडे आलेल्या पोरक्या मुलांपैकी. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात काय हाल झाले ते जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. माणसे जनावरे सोडून देत, आणि पोरे खडी फोडण्याच्या कामावर आईबापांबरोबर जात. नगरात डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या मिशनरी मंडळींनी अन्नछत्रे व अनाथांची सोय केली. पाथर्डीकडच्या एका गावातून ही दहा वर्षांची मुलगी आईबरोबर निघाली. आई वाटेत गेली. मोठा भाऊ गावीच मामाकडे राहिला. पुढे मुलगी ख्रिस्ती झाली, आणि भावाकडून येणेजाणे बंद झाले.

चारपाच वर्षांनी, नाताळात, तिने भावाला पत्र केले. ते पत्र मी हातात घेऊन पाहिले आहे. पुढच्या बाजूस बर्फात बसलेल्या लाल छातीच्या पाखराचे अमेरिकन चित्र, कडा झिजलेल्या. मागच्या इंग्रजी अक्षरांवर पांढरा कागद चिकटविलेला, त्यावर शाईने तीन ओळी: मी सुखरूप आहे, शिवण शिकले, तुझी आठवण येते. भाऊ निरक्षर. पत्र कोणाकडून वाचवून घेईल, घेईल की नाही, आणि वाचणारा काय सांगेल, याचा भरवसा नव्हता. म्हणून त्या पोरीने पाखराच्या खाली एक बोटभर कापड शिवले. आईच्या लुगड्याचा काठ. आईचे लुगडे फाटून गेले तेव्हा तिने तेवढा काठ जपून ठेवला होता, त्यातील अर्धा.

भावाने पत्र वाचवून घेतलेच नाही म्हणतात. काठ पाहिला आणि ओळखले. संक्रांतीच्या सुमारास तो पायी नगरास आला. धोतराच्या सोग्यात तीळ आणि गूळ बांधून आणला होता. बोर्डिंगच्या ओट्यावर दोघे बसली. तिने पुढे केलेले पाणी तो त्या दिवशी प्यायला नाही. तिळगूळ मात्र तिच्या हातावर ठेवला आणि तिनेही त्याच्या. पाणी प्यायला तो पुढे तिच्या लग्नात, आठ वर्षांनी. भाऊ वारल्यावर त्याच्या सुनेने देव्हाऱ्यामागे ठेवलेले ते पत्र आत्याबाईंच्या घरी परत आणून दिले, म्हणून आज ते मास्तरीणबाईंकडे आहे. तो काठ हिरवा होता की काळा, हे आता सांगता येत नाही. विणीवरून मात्र तो हातमागाचा आहे हे कोणालाही कळेल.

मी हे आपल्या सभेत सांगितले तेव्हा ज्यांनी शंका काढली होती, त्यांतल्याच एका काकूंनी पहिली कात्री उचलली. याहून जास्त मी त्याविषयी लिहीत नाही.

नगरच्या ख्रिस्ती समाजाने पुढे आपल्या सणाला आपला वेष दिला, हेही सांगावयास हवे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि कित्येक वर्षे नगरास राहिले. अभंग, भजन आणि कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपल्या मंडळाच्या कपाटात आहेत, ज्यांनी वाचली नसतील त्यांनी न्यावीत. शिक्षण नसलेल्या बाईने कसे लिहावे ते त्यात दिसते. पुण्यास आंजेलो दा फोन्सेका नावाचे गोव्याचे चित्रकार राहात (ते १९६७ साली वारले). त्यांच्या चित्रांतील मरियम आपल्यासारखी साडी नेसते. नाताळात शेजारघरी करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट येते, ते दिवाळीच्या ताटाहून वेगळे ओळखता यायचे नाही. मग पत्रावर बर्फ आणि हरणाची गाडी कशाला? नगरच्या डिसेंबरात थंडी पडते, पण बर्फ कोणी पाहिला?

उरल्यासुरल्यातून पत्र करण्याची गोष्ट आपल्याकडचीच आहे असेही नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, फ्रान्स व बेल्जियममधील बायका रेशमी जाळीच्या पट्ट्यांवर फुले भरीत. पट्टी कापून पुठ्ठ्यावर चिकटवली की पत्र झाले. शिपाई ती विकत घेऊन घरी पाठवीत. कुटुंबातला पुरुष लढाईवर, तेव्हा त्या भरतकामावर चूल पेटे. दुसऱ्या महायुद्धानंतर झेकोस्लोवाकियातील यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने लहान मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफ संस्थेला आभाराचे चित्र काढून पाठविले. गावात कागद नव्हता, म्हणून तिने ते काचेच्या तुकड्यावर रंगविले. त्याच चित्राचे १९४९ साली युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र झाले. पुढे मुंबईस १९७९ साली निघालेल्या क्राय या संस्थेनेही मुलांच्या मदतीसाठी अशी पत्रे विकली.

आता आपल्या कामाचे थोडे. गेल्या वर्षी कात्री उचलल्यावर जे शिकावयास मिळाले ते लिहून ठेवते, म्हणजे यंदा पुन्हा विचारावे लागणार नाही.

पुठ्ठ्यासाठी लग्नपत्रिकांसारखी वस्तू नाही. कागद जाड, आतली बाजू कोरी. मात्र वर गणपतीचे चित्र असते. ते आधी कापून बाजूला ठेवावे. गणपती कचऱ्यात टाकायचा नाही, आणि दुसऱ्याच्या सणाच्या पत्राला पाठीमागून चिकटवायचाही नाही. दोन्ही देवांचा मान राहतो. आकाशकंदिलाचा पतंगी कागद चांदणीला उत्तम. तो पातळ असल्यामुळे डिंकाने सुरकुततो, म्हणून खळ लावावी. मैद्याची खळ शिजविताना चिमूटभर मोरचूद टाकतात, त्याने कसर लागत नाही. बुकबाइंडर असेच करतात. पण मोरचूद विषारी, तेव्हा लहान मुले मदतीला असतील तर घालू नये आणि खळ त्याच दिवशी संपवावी.

चहाच्या आणि चॉकलेटच्या पुड्यातील चांदीचा कागद नखाने घासून सपाट केला की बेथलेहेमचा तारा होतो. ब्लाउजपिसाच्या कडा, जुन्या शालूची जर, लोकरीची टोके, तुटलेल्या माळेचे मणी, साऱ्यांना जागा आहे. टपालाने पाठवावयाच्या पत्रावर मणी व टिकल्या नकोत. शिक्का मारताना फुटतात. ती पत्रे हाताने नेऊन द्यावीत.

सर्वांत सुंदर झाली ती पिंपळपानाची. पिकू न लागलेली मोठी पाने पाण्यात बुडवून ठेवावीत, पाणी दोनतीन दिवसांनी बदलावे. तीनचार आठवड्यांत हिरवा भाग कुजून सुटतो; मग मऊ कुंचीने धुतले की नुसती जाळी उरते. वास येतो, त्याला इलाज नाही. मडके मागच्या अंगणात ठेवावे आणि सासूबाईंना आधी सांगून ठेवावे. पुस्तकात दाबून वाळविलेल्या त्या जाळीवर आपल्या भगिनींनी गव्हाणी, गाय आणि बाळ काढले. गाय खिल्लारी होती, शिंगे पाठीमागे वळलेली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "ही तर वडाळ्याच्या बाजाराची गाय दिसते." त्यांचे बालपण नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशनमध्ये गेले.

एक अट मास्तरीणबाईंनी घातली आणि ती मंडळाने मान्य केली आहे. प्रत्येक पत्रात करणारणीच्या घरातील एक तरी तुकडा असावा, आणि तो असा की घेणाऱ्याला त्या घराची ओळख पटावी. म्हणून गेल्या वर्षी शिंपीणकाकूंच्या पत्रात शाळेच्या गणवेशाचे खाकी कापड होते, दूधवाल्या वहिनींच्या पत्रात गाईच्या गळ्यातील गोंड्याची लोकर, आणि माझ्या पत्रात मुलीच्या लहानपणीच्या झबल्याची झालर. दुकानातील पत्र याहून गुळगुळीत असते, हे कबूल. फोनवरचा निरोप याहून लवकर जातो, हेही कबूल.

एकंदर त्रेचाळीस पत्रे झाली. आपल्या व मागच्या गल्लीतील ख्रिस्ती घरांत ती पंचवीस डिसेंबरला सकाळी देवळाची प्रार्थना आटोपल्यावर दिली. सहा उरली, ती बाहेरगावी गेलेल्या शेजाऱ्यांना टपालाने गेली. एक परत आले, पत्ता बदललेला. संक्रांतीला त्याच घरांतून आपल्याकडे तिळगूळ आला, आणि दोन घरांतून पत्रेही आली. त्यांतले एक हलव्याच्या दाण्यांचे होते. टपालाने आले असते तर फुटले असते. पण हाताने आणले होते, म्हणून शाबूत राहिले.

यंदाच्या कामासाठी लग्नपत्रिका, पतंगी कागद, जरीचे काठ व लोकर ज्यांच्याकडे उरली असेल त्यांनी दिवाळी आटोपताच मंडळाच्या खोलीत आणून द्यावी. पिंपळपाने कार्तिकी पौर्णिमेच्या आत भिजत घातली पाहिजेत. मास्तरीणबाईंचे ते जुने पत्र त्या दिवशी पाहावयास मिळेल. हात धुऊन यावे.